आप्पांची चिनी तलवार

घरी आलेल्या माणसाला पाणी देण्याआधी आप्पा तलवार दाखवायचे. पाहुणा बिचकायचा. "भिऊ नगा वो, वाचायची हाय," म्हणत ते पात्यावर चिमूटभर तांदळाचं पीठ चोळायचे. कोरलेली चार चिनी अक्षरं पांढरी होऊन वर यायची.

आप्पा माझे थोरले काका. निपाणीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ही तलवार माझ्या वडिलांनी त्यांना कोलकात्याच्या जुन्या बाजारातून आणून दिली होती. "तुला चित्रं कळत्यात न्हवं? मग वाच, आणि पयलं मला सांग." झालं! आप्पांनी चिनी शब्दकोश मागवला, भिंग आणलं, आणि काकींचा पिठाचा डबा स्वयंपाकघरातून गेला तो गेलाच.

दर रविवारी बेळगावला वडिलांना फोन यायचा.

"बाळू, घावलं! छप्पर हाय, त्येच्याखाली बाई बसलीया."

"गेल्या रविवारी तितं घोडा हुता की रं!"

"घोडा गेला. तू ऐक!"

मागून काकींचा आवाज, "बाई जेवलीया का इचारा तिला."

मी एकदा मोबाइलवर फोटो काढून वाचून द्यायला निघाले, तर आप्पा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

घरात शस्त्र उगारायचं नाही, ही आमच्याकडची जुनी शिस्त. त्यामुळे तलवार कायम टोक खाली करून भिंतीला टेकलेली, आणि आप्पा तशीच ती वाचायचे.

या आषाढात वडील गेले. आप्पांनी पिठाचा डबा काकींना परत केला.

खंडेनवमीला मी निपाणीला गेले. आप्पांनी पूजेत तलवार उभी केली, पण लक्ष नव्हतं. टोक वर राहिलं.

"अवो, टोक!" काकी ओरडल्या.

आप्पा वाकले आणि तसेच थांबले. हळदीची बोटं अक्षरांवरून फिरली. शब्दकोश आला, भिंग आलं, पूजा राहिली बाजूला.

"शंभरदा... तापवून घडवलेलं... पोलाद," आप्पा म्हणाले. "आयला, इतकी वरसं उलटं वाचलं की गं!"

हसत हसतच त्यांनी सवयीनं फोन लावला.

माझ्या पर्समध्ये वडिलांचा फोन वाजला. तो बंद करायला माझा हात धजला नव्हता. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. हसू गेलं, पण फोन कानावरच राहिला. मी वडिलांचा फोन उचलून कानाला लावला.

आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले.

"बाळू," ते हळूच म्हणाले, "आधी हसणार न्हाईस म्हण."

मी फोन कानाशी आणखी दाबून धरला. मग ते पहिल्या अक्षरापासून सांगू लागले.