पेशंटच्या जागेवरून

सिस्टर वाघमारे कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की आधी आडव्या पडतात. चहा नंतर. ओळखपाळख त्याच्याही नंतर.

वर्षभरापूर्वी त्या आमच्या कोथरूडच्या सोसायटीत राहायला आल्या, तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जोगळेकर आमचे सेक्रेटरी. त्यांनी नव्या बिऱ्हाडाला रीतीप्रमाणे चहाला बोलावलं आणि शेजारीण म्हणून मलाही. सिस्टर आल्या, त्यांनी चपला काढल्या, खोलीवरून एकदा नजर फिरवली आणि सरळ दिवाणावर उताण्या झाल्या. हात पोटावर, डोळे छताकडे. जोगळेकरवहिनींना वाटलं, बाईंना फिट आली. त्या कांदा फोडायला स्वयंपाकघरात धावल्या.

दिवाणावरून आवाज आला, "कांदा राहू द्या. पंखा पुसा."

जोगळेकरांनी चष्मा सावरला. "आपली तब्येत बरी आहे ना?"

"माझी बरी आहे. तुमच्या खोलीची नाही. इथून काय दिसतं माहितीय? पंख्याची काजळी, ट्यूबलाइट आणि कपाटावरच्या तीन सुटकेसी."

"अहो बाई, ही बैठकीची खोली आहे. इथे कुणी झोपत नाही."

"बसतं तरी कुठे? मघापासून तुम्ही उभेच आहात."

माझा नवरा, अरविंद, जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. त्या दिवशी मी त्यानंतर पहिल्यांदा हसले. ते लक्षात आल्यावर मला फार संकोच वाटला आणि मी चहा अर्धा टाकून घरी आले.

सिस्टरांनी चौतीस वर्षं सरकारी इस्पितळात नोकरी केली. त्यातून त्यांचं एक शास्त्र तयार झालं आहे. "डॉक्टर खोली दारातून बघतात, नातेवाईक स्टुलावरून. राहतो तो पेशंट, आणि तो आडवा असतो. त्याच्या जागेवरून बघा, म्हणजे खोली कळेल." त्यांच्या दृष्टीने आपण सगळेच पेशंट. कुणी अजून दाखल झालेलं नाही, एवढाच फरक.

उपचार साधे असतात. औषधांच्या एका जुन्या पेटीत हातोडी, हुक, सुतळी, सेफ्टी पिना आणि इस्पितळातली पांढरी चिकटपट्टी घेऊन त्या येतात. बाजारातून शक्यतो काही आणायचं नाही, असा दंडक. घरातलीच जुनी साडी पडदा होते. वेताची टोपली उलटी टांगून तिच्यात पिवळा दिवा. दाराकडे पाठ करून बसलेली खुर्ची दाराकडे वळते. "आलेल्या माणसाला पाठ दाखवते ती कसली खुर्ची?" भिंतीवरच्या तसबिरी हातभर खाली येतात. मोकळ्या भिंतीवर एकच वस्तू लागते, "नजरेला टेकायला." शेवटी सिस्टर पुन्हा एकदा आडव्या पडतात, दोन मिनिटं गप्प राहतात आणि जाहीर करतात, "डिस्चार्ज!"

वरच्या मजल्यावर आयटीतल्या तीन मुली भाड्याने राहतात. घरमालकाने खिळा ठोकायला बंदी घातलेली. सिस्टरांनी चिकटपट्टी लावून तिघींच्या ओढण्या भिंतीवर अशा ताणून बसवल्या की खोलीचा रंगच बदलला.

"सिस्टर, एकदम कोझी वाटतंय!"

"ते काय असतं मला माहीत नाही. झोप लागते का, ते सांगा."

आठव्या दिवशी त्या प्रत्येक घरी राउंडला जातात. जोगळेकरांनी तोवर पिवळा दिवा काढून ट्यूबलाइट परत लावली होती.

"पेशंटनं औषध परस्पर बंद केलेलं दिसतंय."

"बाई, पिवळ्या उजेडात मला सोसायटीचे नियम वाचता येत नाहीत."

"म्हणूनच लावला होता."

माझ्या घरात मात्र सिस्टर बाहेरच्या खोलीपर्यंतच आल्या होत्या. आतल्या झोपायच्या खोलीचं दार बंद असे. शेवटचे आठ महिने अरविंद त्या खोलीत पडून होता. तो गेल्यावर मी बाहेर दिवाणावर झोपू लागले. आत जायची ती कपाटातून कपडे घेण्यापुरती, श्वास धरून. लोक म्हणत, रंग दे, पलंग बदल. मी ग्रंथालयात आयुष्य काढलेली बाई. वस्तू जागच्या जागी राहिल्या की मला बरं वाटतं. पण त्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं आणि तरी मला तिथे पाठ टेकता येत नव्हती. पुन्हा कधी टेकता येईल, असंही वाटत नव्हतं. सिस्टर त्या दाराकडे बघत, पण विचारत नसत. "पेशंटची परवानगी लागते," एवढंच एकदा म्हणाल्या.

गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी सिस्टरांसमोर मी खुर्चीतून उठताना कमरेवर हात ठेवला.

"किती महिने?"

"काय किती महिने?"

"दिवाणावर झोपताय. त्याच्या मधली पट्टी खचलीय, मी पहिल्याच दिवशी बघितलं."

 मी जाऊन आतलं दार उघडलं.

सिस्टर नेहमीसारख्या झपाट्याने आत शिरल्या नाहीत. उंबऱ्याशी थांबल्या. "त्यांची बाजू कुठली?" मी दाखवली. त्या हलकेच अरविंदच्या जागेवर आडव्या झाल्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पंख्याची काजळी, सुटकेसी, आता काय काय ऐकावं लागतंय याची मला भीती वाटत होती. आठ महिने त्याने काय बघितलं असेल, हा विचार मी वर्षभर टाळला होता.

"लोखंडी कपाट दिसतंय," त्या म्हणाल्या. "दाराला आरसा आहे, पण त्यात नुसती भिंत. हे दार असंच बंद असायचं?"

"मी बंद करायचे. तो उघडायला लावायचा." त्या कपाटावरून आमचं रोजचं भांडण. उघडं कपाट मला बघवत नाही. मी दार लावून बाहेर गेले की तो सकाळच्या कामाच्या मावशींकडून ते उघडून घ्यायचा. म्हणायचा, कपड्यांना कोंदट वास येतो, जरा हवा लागू दे.

सिस्टर उठल्या, कपाटात डोकं घालून त्यांनी दोनदा वास घेतला. "डांबराच्या गोळ्या आहेत. कोंदट बिंदट काही नाही." पुन्हा आडव्या झाल्या. "किती उघडं असायचं?"

ते मला नेमकं माहीत होतं. इतक्या वेळा मी ते लावलं होतं. "टेबलाच्या कोपऱ्याला टेकेपर्यंत."

"ठेवा तसंच."

मी दार कोपऱ्याला टेकवलं. सिस्टर आरशाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, आता बाहेर जा. रोज जिथे वाचत बसायचात तिथे बसा."

मी बाहेर येऊन माझ्या वेताच्या खुर्चीत बसले. सवयीने तिपाईवरचं पुस्तक हातात घेतलं. आतून काहीच आवाज येईना. मग आला.

"दिसलात."

मी ते पुस्तक बराच वेळ तसंच उघडं धरून बसले. सिस्टर कधी उठल्या आणि कधी त्यांनी चहा टाकला, मला कळलं नाही. डिस्चार्ज म्हणायचं त्या दिवशी त्या विसरल्या, किंवा विसरल्या नसाव्यात.

आता मी आत झोपते, त्याच्या जागेवर. कपाट टेबलाच्या कोपऱ्यापर्यंत उघडं असतं. आरशात खुर्ची दिसते. ती अगदीच रिकामी दिसू नये म्हणून तिच्यावर मी वाचत असलेलं पुस्तक ठेवते.

संक्रांतीनंतर मी डबाभर गुळाच्या पोळ्या घेऊन सिस्टरांकडे गेले. तोवर त्यांनी कुणालाच आत बोलावलं नव्हतं. "माझ्याकडे काय बघायचंय?" म्हणून दारातच बोलणं उरकायच्या. त्या दिवशी डबा जड होता म्हणा, पण मी आत गेले. एकच खोली आणि स्वयंपाकघर. त्या चहा करायला वळल्या आणि मी, आयुष्यात कुणाच्या घरी असं केलं नाही, त्यांच्या कॉटवर आडवी झाले.

भिंतींवर बुद्धाच्या एका चित्राशिवाय काही नव्हतं. दुसऱ्यांच्या खोल्यांना नावं ठेवणाऱ्या बाईंचं कपाट अर्धी खिडकी अडवून उभं होतं. ते तिथे का सरकवलं, हे उशीवर डोकं टेकल्यावर समजलं. कॉट आणि बाहेरचं दार यांच्या मधे काहीही नव्हतं. दारातलं बाहेर बघायचं छोटं भिंग जिन्यातल्या उजेडाने चमकत होतं. समोर नजर टेकायला तेवढा एक ठिपका होता.

सिस्टर कप घेऊन आल्या आणि थबकल्या. "काय दिसतं?"

"दार."

त्यांनी कप खाली ठेवले. "वॉर्डात चार ते सहा भेटायची वेळ असायची. पावणेचारपासून सगळे पेशंट दाराकडे तोंड करून. ज्यांचं कुणी यायचं नाही, तेसुद्धा. त्यांना मी ओरडायचे, कूस बदला म्हणून." मग भिंगाकडे हात करून म्हणाल्या, "बाहेर कुणी उभं राहिलं की तो उजेड जातो. बेलच्या आधी कळतं."

"कोण कोण येतं?"

"इस्त्रीवाला येतो. कुरिअरवाला येतो, वरच्या मुलींचा पत्ता विचारायला. उठा, चहा गार होतोय."

मी उठले. खोलीत काय बदलावं, ते काही सुचवलं नाही. पिवळा दिवा त्यांच्याकडे होताच.

आता मी रोज चारला जिना उतरून त्यांच्याकडे जाते. बेलवर लगेच बोट ठेवत नाही. थोडा वेळ भिंगासमोर नुसती उभी राहते. आतून कॉट करकरते आणि आवाज येतो,

"दिसलात."