मानाची म्हैस

"यंदाची म्हशींची स्पर्धा माझ्या प्रोग्रॅमवर होणार!" असं मी सासुरवाडीत छातीठोकपणे जाहीर केलं. कारण उघड होतं. माझे थोरले साडू पृथ्वीराज यांचा शिरोलीला कारखाना, म्हणून सासरे हंबीरराव ऊठसूट त्यांचं कौतुक करायचे. आणि मी? 'कम्प्युटरवर कायतरी करत्यात!' एकदा तरी साडूंच्या वर नंबर लावायचाच होता.

प्रोग्रॅम सरळ होता. दोन दिवसांचं एकूण दूध भागिले किती वेळा धार काढली तो आकडा. यादीतली पहिली म्हैस तात्पुरती विजेती. पुढची कुणी तिच्यापेक्षा जास्त निघाली तर ती विजेती. सासऱ्यांची चंद्रा धारेला नऊ लिटर द्यायची. तिला हरवणारी म्हैस पंचक्रोशीत नव्हती! स्पर्धा भरवणाऱ्या मंडळानं भरून दिलेली यादी मी न बघताच आत घातली.

मैदान गच्च भरलं. मी बटण दाबलं. पडद्यावर नाव झळकलं: गौरी, मालक गणपतराव!

हलगी कडाडली, गणपतरावांना फेटा बांधूनही झाला. मग सगळ्यांनी गौरीकडे पाहिलं. गौरी गाभण होती. दोन महिने धारच नाही!

"ही यादीत कशी?" मी किंचाळलो.

"पैला नंबर मानाचा असतुय की!" मंडळाचे अध्यक्ष असलेले गणपतराव फेटा सावरत म्हणाले. "आमच्या घरची म्हस पैली लिवायची. दूध असू दे, न्हायतर नसू दे!"

मी घामाघूम होऊन लॅपटॉप उघडला. शून्य लिटर भागिले शून्य धारा! सासरे डोक्यावर येऊन उभे राहिले.

"गौरीचा आकडा नवापेक्षा जास्त हाय?"

"नाही, मामा."

"मग कमी हाय?"

"तसंही नाही."

"मग बरुबर?"

"कुणाच्याच बरोबर नाही. मामा, तो स्वतःच्याही बरोबर नाही!" मला आता भलताच रंग चढला. "काहीही विचारा, उत्तर 'नाही'च! म्हणून चंद्रा तिच्यापेक्षा जास्त ठरलीच नाही. आहे की नाही गंमत?"

सासऱ्यांना गंमत दिसली नाही.

"त्यो आकडा तरी हाय का?"

"नाही. कम्प्युटर त्याला 'आकडा नाही' असंच म्हणतो."

"मग आकडाच न्हाय, तर स्पर्धेत घेतलासा कशाला?"

मी एक ओळ वाढवली: आकडा नसेल तर बाजूला ठेवा. चंद्रा जिंकली! पण फेटा एकच आणलेला, आणि बांधलेला मानाचा फेटा उतरवणार कोण? सासरे उघड्या डोक्यानं ढाल घेऊन घरी आले.

जेवताना सासूबाईंनी विषय काढला. "काय वो, धाकलं जावई थोरल्यापेक्षा हुशार निघालं म्हणायचं?"

मी कान टवकारले.

"न्हाय," सासरे म्हणाले.

"मग कमी?"

"तसंबी न्हाय."

"मग बरुबरीचं?"

सासऱ्यांनी आमटीचा भुरका मारला.

"त्यास्नी यादीतच धरायचं न्हाय!"