न बुडणाऱ्याची सुटका

लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या जोडप्याने समुद्रावर जाऊन साहस केलं पाहिजे, असा निर्णय मागबानुआ दांपत्याच्या दोहात नर्स असलेल्या मुलीने तिथूनच परस्पर घेतला आणि पालावानकडच्या एका बेटावरच्या रिसॉर्टात 'साहसी जोडपं' नावाची सहल नोंदवूनही टाकली. क्रिसान्तो मागबानुआसाहेबांनी हरकत घेतली नाही. नुएवा एसिहातल्या एका नगरपालिकेत ते परवाना विभागाचे प्रमुख होते, आणि वरून ठरून आलेल्या गोष्टीला हरकत घ्यायची त्यांना सवय नव्हती.

त्यांची बायको मिंदा मात्र वेगळ्याच कारणाने खूश होती. ती सामारच्या किनाऱ्यावर कोळ्याच्या घरात वाढलेली. लग्न करून भातशेतांच्या मुलखात आली, तेव्हापासून गुडघ्याच्या वरचं पाणी तिने फक्त पुरात पाहिलं होतं.

"मला एकदा पोटभर पोहायचंय," ती बोटीतच म्हणाली. "बाकी साहस तू कर."

धक्क्यावर उतरताच दोघांच्या गळ्यात शंखांची माळ पडली आणि माळेवर नारिंगी जीवरक्षक जॅकेट. अतिथी सुरक्षा अधिकारी रेनांते यांनी स्वतःच्या हाताने पट्टे आवळले.

"हे समुद्रात जाताना घालायचं ना?" मिंदाने विचारलं.

"बेटावर असेपर्यंत घालायचं, मॅम."

"जमिनीवरही?"

"बेट समुद्रातच आहे, मॅम."

मागबानुआसाहेबांना हे उत्तर आवडलं. इतकं नेमकं बोलणारा माणूस आपल्या विभागात असता तर किती कामं अडवता आली असती, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

रिसॉर्ट खरोखरच सुरक्षित होतं. पोहण्याच्या तलावाच्या काठावर पूर्वी कोणी पाहुणा घसरला होता, म्हणून तलाव रिकामा केला होता. आता पाहुणे कोरड्या तलावाच्या तळाशी जॅकेटं घालून ऊन खात पडलेले असत. दोन टेकड्यांमधला झुलता दोर इतका खाली आणला होता की त्याला लटकलेल्या माणसाचे पाय जमिनीला टेकत आणि त्याला चालतच पलीकडे जावं लागे. कड्यावरून उडी मारण्यासाठी सिमेंटचा एक ओटा बांधून त्यावर कडा रंगवला होता. समुद्रतळाचे मासे एका मोठ्या टबात आणून ठेवले होते. पाहुण्याने मुखवटा लावून त्यात तोंड बुडवायचं आणि तेवढा वेळ एका कर्मचाऱ्याने त्याची कॉलर धरून ठेवायची.

फोटोत मात्र हे सगळं जिवावर बेतल्यासारखं दिसे, कारण रिसॉर्टचा फोटोग्राफर वाळूत पालथा पडून खालून फोटो काढायचा. ओट्यावरून उतरणाऱ्या मागबानुआसाहेबांच्या मागे त्याने असं काही आभाळ पकडलं, की दोहाहून लगेच फोन आला. "पापा, जपून हं," मुलगी म्हणाली. "इथे वॉर्डात सगळ्यांना दाखवलं मी."

साहेबांनी तो फोटो रात्री निजेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिला.

मिंदाने एकही फोटो काढू दिला नाही. सकाळी लसूणभात आणि सुकी मासळी खाऊन ती थेट रेनांतेकडे गेली. "मला पोहायचंय."

"पोहणं सहलीत नाही, मॅम. पोहताना माणूस पाण्यात असतो."

"सान्तो, तू तरी सांग याला काहीतरी."

"नियम आहे, मिंदा," साहेब जॅकेटवर सांडलेला भात झटकत म्हणाले. "तुला सोडलं तर उद्या सगळेच पोहायला लागतील."

"समुद्र आहे. लागू देत की."

साहेबांना यात काही मुद्दा दिसला नाही. मिंदाने जॅकेट काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि ती किनाऱ्यावरच्या बदामाच्या झाडाखाली पाठ करून बसली. तिच्या पाठीशी साहेबांचा चांगला परिचय होता. ही पाठ दोन-तीन दिवस टिकणारी होती.

त्या सकाळी वल्ह्याच्या होडीची फेरी होती. होडी किनाऱ्याला दोराने बांधलेली असायची आणि दोर संपला की आपोआप परत यायची. अडचण एवढीच, की ती जोडप्याची होडी होती. एकट्याला द्यायची सोय नव्हती.

"मग माझी फेरी रद्द?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांसमोर दोहाचा वॉर्ड आला.

"रद्द कशाला, सर," रेनांते म्हणाले. "मॅमची जागा भरली म्हणजे झालं."

दोघा कर्मचाऱ्यांनी वाळूची एक गोणी आणली, मिंदाचं जॅकेट तिला चढवलं आणि तिला मागच्या जागेवर बसवलं. रेनांतेंनी वायरलेसवर खबर दिली: श्री. व सौ. मागबानुआ रवाना. साहेबांनी एकदा बदामाच्या झाडाकडे पाहिलं. पाठ तशीच होती.

होडी छान निघाली. फोटोग्राफर पालथा पडला. साहेबांनी वल्हं उंच धरलं, आणि तेवढ्यात एक लाट आडवी आली. गोणी कलली आणि तिच्यासोबत होडीही उलटली. साहेब वर आले तेव्हा होडीचा दोर सुटून पाण्यावर तरंगत होता आणि ओहोटी त्यांना शांतपणे खुल्या समुद्राकडे घेऊन चालली होती.

"वाचवा," ते ओरडले. ओरडायची सवय नसल्यामुळे ते थोडं विनंतीअर्ज केल्यासारखं वाटलं.

किनाऱ्यावरून कर्ण्याचा आवाज आला. "सर, आपण बुडताय का?"

मागबानुआसाहेब खरं बोलणारे गृहस्थ होते. "नाही," त्यांनी उत्तर दिलं. "पण लांब चाललोय."

"लांब जाणं बुडण्यात धरत नाहीत, सर. बचाव नौका फक्त बुडणाऱ्यांसाठी आहे."

"मग मी काय करू?"

"जॅकेट आहे, सर. जॅकेटवाला बुडत नाही."

"जॅकेट काढलं तर?"

"तो नियमभंग होईल, सर. नियमभंग करणाऱ्यांसाठीही नौका नाही."

हे सगळं बरोबर होतं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. खारं पाणी नाकातोंडात जात असताना साहेबांना एक विधवा आठवली. तिला तळलेल्या केळ्यांची गाडी लावायची होती. परवाना नवऱ्याच्या नावे होता, म्हणून साहेबांनी नवऱ्याची सही मागितली. नवरा वारल्याचा दाखला तिने पुढे केला, तेव्हा मृताच्या नावावर परवाना चालत नाही म्हणून तो रद्द केला. ती बराच वेळ फक्त उभी राहिली होती. इतका वेळ ती का उभी राहिली, हे साहेबांना आत्ता समजलं.

आणि मग किनाऱ्यावर भोंगा वाजला. बचाव नौका सुटली, पाणी कापत थेट त्यांच्याकडे आली. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"सर, थोडं बाजूला होता का?" नौकेतला माणूस म्हणाला. "मॅम बुडाल्यात."

गोणी तळाला गेली होती. दोघे पाणबुडे उतरले, मोठ्या शर्थीने त्यांनी गोणी वर काढली, नौकेत आडवी केली, तिच्यावर टॉवेल पांघरला. साहेबांनी नौकेच्या कडेला हात लावला, तेव्हा तो हलकेच सोडवण्यात आला. जखमीला घेऊन जाताना नौकेत इतर कोणाला घेता येत नाही.

किनाऱ्यावर सगळे पाहुणे जॅकेटं घालून, फोन उंच धरून उभे होते. भोंगा ऐकून मिंदाने मान वळवली. लांब पाण्यात एक नारिंगी ठिपका होता, आणि त्या ठिपक्याचं टक्कल तिच्या ओळखीचं होतं. ती पाण्याकडे धावली. रेनांते आडवे आले.

"मॅम, तुम्हाला जाता येणार नाही."

"का?"

"तुम्ही बुडालेल्या आहात. तुम्हाला आत्ताच बाहेर काढलंय."

मिंदाने त्यांना बाजूला ढकललं आणि पाण्यात सूर मारला. ती कशी पोहली ते बघायला साहेबांखेरीज कोणी नव्हतं, कारण सगळे फोन नौकेकडे वळलेले होते. लाटेखालून ती वर आली तेव्हा साहेबांना क्षणभर ती ओळखूच आली नाही. चेहऱ्यावर पंचवीस वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं.

"वल्हं सोड," तिने त्यांचा पट्टा धरत सांगितलं. साहेबांनी वल्हं अजून उंच धरलेलंच होतं.

"मिंदा, मला तुला सांगायचंय—"

"तोंड मीट. पाणी जातंय."

संध्याकाळी रेनांते खोलीवर एक कागद घेऊन आले. आपल्या पत्नीला रिसॉर्टने वाचवल्याबद्दल साहेबांनी समाधान व्यक्त केलं आहे, खाली फक्त सही हवी. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मजकूर निर्दोष होता. मिंदा खिडकीत केस पुसत होती. उभ्या नोकरीत साहेबांनी कागद परत पाठवले होते ते दुसऱ्यांचे; आज पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या सोयीचा कागद परत केला.

"सही नसेल तर मॅम बुडालेल्याच राहतील, सर," रेनांते हळहळून म्हणाले.

तशाच त्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी नाश्ता एकट्याचा आला. दोघांनी तो एका ताटात खाल्ला. मग मिंदा उघड उघड समुद्रात गेली आणि उन्हं चढेपर्यंत पोहली. कोणी अडवलं नाही, कारण हजेरीवर नसलेल्या बाईला अडवायचं कसं हे कुणाला सुचेना. साहेब जॅकेट काढून गुडघाभर पाण्यात उभे होते. ती हाक मारी, तसे ते एकेक पाऊल पुढे जात.

घरी पोहोचेपर्यंत बचावाचा व्हिडिओ त्यांच्याआधी पोहोचला होता. मुलीने रडतरडत रिसॉर्टला पाच तारे दिले होते. शेजारपाजारच्या बाया जमल्या, मिंदाला जवळ घेतलं, पाण्याखाली कसं वाटलं ते विचारलं. मिंदाने त्यांच्यासमोर फोन धरला आणि टॉवेलखालच्या गोणीवर बोट ठेवलं. बायांनी नीट पाहिलं. "थकलेली दिसतेस गं," त्यातली एक म्हणाली, "पण रंग काय छान आलाय."

तो व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. नारिंगी जॅकेट, पांढरा टॉवेल, मागे मावळतीसारखं दिसणारं सकाळचं आभाळ. उजव्या कोपऱ्यात लांब एक माणूस हात हलवताना दिसतो. तुम्ही हृदयाचं चिन्ह दाबून पुढे गेलात.