बाळंतिणीकडे ठेवलेलं

कोरटगावात बाळंतिणीला बघायला आलेलं माणूस जाताना आपलं जास्तीचं बीपी तिच्याकडे ठेवून जातं. बाळाला टोपडं द्यायचं, चहा घ्यायचा, बाळंतिणीच्या दंडावर हात ठेवायचा आणि हलकं होऊन निघायचं. सव्वा महिना ती पडूनच असते, तिला काय होतंय, असं सगळ्यांचं मत. सव्वा महिन्याने ज्याचं त्याने परत न्यायचं असतं. नेतं कोण, हे विचारायची पद्धत नाही.

वृषाली माहेरी बाळंत होऊन आठ दिवस झाले होते. दवाखान्याने मशीन देऊन बजावलं होतं, रोज दोनदा मोजा, वरचा आकडा एकशे साठच्या वर गेला की तडक निघा. सोमवारी एकशे बत्तीस होतं. मंगळवारी खंडागळे मास्तर आले.

"उद्या पोरीला बघायला पाहुणे येताहेत. तोवर राहू दे तुझ्याकडे," म्हणाले आणि बावीस ठेवून गेले. शाळेत शिकवलेलं त्यांनी, वृषालीला नाही म्हणवेना.

बुधवारी सकाळी मामी बारा ठेवून गेली. दुपारी वृषालीचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. आईने पट्टा बांधला. एकशे सहासष्ट.

"थोडं मला दे गं."

"उलटं चालत नाही, आई. तुला माहितेय."

आईला माहीत होतं. वृषालीच्या वेळी तिने अख्ख्या आळीचं सांभाळलं होतं, आणि निम्मी माणसं अजून न्यायला आली नव्हती.

"लगेच आणा," फोनवर सिस्टर म्हणाली. रिक्षा चौकात, घर तिसऱ्या मजल्यावर. आई दारापर्यंत गेली आणि चौकट धरून मटकन बसली. भीतीने तिचंही चढलं होतं.

"इकडे ये, आई. ठेव माझ्याकडे."

"मरशील गं पोरी."

"रिक्षा आणेपर्यंतच."

आईने लेकीच्या दंडावर हात ठेवला आणि ती रडली. पण ठेवलं, सगळं ठेवलं, आळीचं जुनं धरून. मग पदर खोचून धडाधडा जिना उतरली. अशी ती तीस वर्षांत उतरली नव्हती.

मशीनवर आकडा आला नाही, नुसती रेघ आली. मुलगी भुकेने रडायला लागली. तिला जवळ घ्यायला वृषाली हात उचलायला गेली, पण तो उचलेना.

जिन्यात आईची पावलं वाजली. मागोमाग रिक्षावाल्याचा आवाज आला.

"काकू, वर बाळंतीण आहे होय? मग दोन मिनिटं येतोच. माझंही सकाळपासून चढलंय."