दोन जावा, दोन जिग

मिराननं महागडा जिग मागवला आणि त्याच दिवशी तिच्या धाकट्या जावेनं, दाहेनं, स्वस्तातला मागवला. कोरियातल्या वोंजू शहरातल्या एकाच सुतारकामाच्या हौशी वर्गाला दोघी जायच्या. मिरान सकाळी, दाहे संध्याकाळी. ही विभागणी वर्गाचे मास्तर प्यो यांनी पहिल्याच महिन्यात करून टाकली होती, कारण दोघी एका वेळी आल्या की बाकीच्यांना करवतीचा आवाज ऐकू येत नसे.

सुरुवात केली ती सासूबाईंनी. गावातलं अंगणाचं घर सोडून त्या शहरात फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या. अंगणातल्या सोयाच्या, मिरचीच्या, मुरलेल्या मुळ्याच्या मातीच्या बरण्या आता बाल्कनीच्या फरशीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. सासूबाईंनी थोरल्या सुनेला फोन केला.

"तू मोठी म्हणून तुला सांगते, मिरान. बरण्यांसाठी वाकून वाकून कंबर गेली माझी. दाहेला बोलू नकोस हं, ती लगेच मनाला लावून घेते."

फोन ठेवला आणि त्यांनी दुसरा लावला.

"तुझ्या हातात कला आहे म्हणून तुला सांगते, दाहे. वाकून वाकून कंबर गेली माझी. मिरानला बोलू नकोस हं, तिला वाटेल, सासू आली की लागली कुरकुरायला."

दोन्ही सुनांनी आपापल्या घरी बसून एकच गोष्ट ठरवली. घरभरणीला सगळे तिथल्या रिवाजाप्रमाणे टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या आणि साबणाची पावडर घेऊन जातील, आपण मात्र आपल्या हातानं केलेली उंच मांडणी घेऊन जायची.

मांडणी करायची तर खिळे चालणार नव्हते. "खिळेच ठोकायचे तर माझ्याकडे कशाला येता, घरी ठोका," असं मास्तर प्रत्येकाला सांगत. त्यांच्याकडे लाकडी खुंट्यांचं काम. एका फळीत भोक, दुसऱ्या फळीत भोक, मध्ये खुंटी आणि गोंद. पण भोक सरळ पडायला हवं, आणि नुसत्या हातानं ड्रिल धरलं की ते हमखास भरकटतं. त्यासाठी जिग. मुठीएवढा धातूचा ठोकळा, त्यात आरपार भोकं. तो फळीच्या काठावर आवळून बसवायचा आणि त्याच्या भोकातून ड्रिल घालायचं. मग हात कितीही थरथरला तरी भोक सरळ.

बाजारात असे दोन जिग होते. एक परदेशी, नावाजलेला, लाल रंगाचा. दुसरा त्याची हुबेहूब नक्कल, तोही लालच. पहिल्या एकाच्या किमतीत दुसरे आठ आले असते.

रविवारी सगळे मिरानकडे जेवायला जमले, तेव्हा दाहेनं वाढता वाढता सहज विषय काढला.

"ताई, माझी एक मैत्रीण जिग घ्यायचा म्हणतेय. मी म्हटलं, स्वस्तातला घे. हौसच तर आहे, काही दुकान थाटायचं नाहीये."

"माझीपण एक मैत्रीण घेतेय," मिरान म्हणाली. "मी तिला म्हटलं, घ्यायचा तर चांगलाच घे. नाहीतर आधी स्वस्त घ्यायचा, मग रडायचं, आणि मग चांगला घ्यायचा."

"भोकाला काय कळतंय कितीचा जिग आहे ते?"

"भोकाला नाही कळत. बघणाऱ्याला कळतं."

"तुमची मैत्रीण श्रीमंत दिसतेय."

"तुझी चिक्कू दिसतेय."

दोघींचे नवरे मान खाली घालून नूडल्स संपवत होते. लग्नानंतर दोघा भावांनी जे थोडंफार शिकून घेतलं होतं, त्यात हे एक होतं.

घरी गुपित फुटू नये म्हणून दोघींनी पत्ता दिला तो वर्गाचा. दोन्ही पार्सलं दुपारी एकदमच आली आणि मास्तरांच्या हातात पडली. मास्तर एकेकाळी बँकेत होते. अवजारांच्या वेडापायी नोकरी सोडलेल्या माणसाला दोन नवी अवजारं समोर बंद ठेवून बसवेल कसं? त्यांनी खोकी उघडली. उजव्या हातात एक, डाव्या हातात दुसरा. दोन्ही खिडकीजवळ नेले, भोकांतून डोळा लावून बघितलं, बोटानं वाजवून पाहिले. मोठ्या आनंदात होते. तेवढ्यात फोन वाजला. लाकडाच्या वखारीतून कुणीतरी विचारत होतं की अक्रोडाच्या फळ्या आल्यात, ठेवू का. मास्तर फोनवर बोलत बोलत दोन्ही जिग खोक्यांत घालून, झाकणं लावून, वखारीकडे धावले.

कुठला कुठल्या खोक्यात गेला, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिराननं आपलं खोकं उघडलं आणि तिचा चेहरा उजळला. जिग तळहातावर घेऊन ती सगळ्या वर्गाला दाखवत फिरली. "वजन बघा नुसतं. हातात घेतल्या घेतल्या कळतं की नाही?" सगळ्यांना कळलं. पहिलं भोक पाडलं तेव्हा लाकडाचा बारीक पिवळा भुसा गोल गोल वर आला, आणि पन्नाशीच्या मिरानला शाळेतल्या पोरीसारखं हसू फुटलं. तिनं पहिल्या दोन फळ्या जोडून बघितल्यासुद्धा नाहीत.

"एकदा गुण्या लावून काटकोन तपासा की," मास्तर म्हणाले.

"तपासायचंच होतं तर महागडा कशाला घेतला असता, मास्तर?"

मास्तर आपल्या करवतीकडे वळले.

संध्याकाळी दाहे आली. ती तयारीची बाई. स्वस्त जिग घेतलेल्या लोकांनी काय काय लिहिलंय, ते तिनं सगळं वाचून काढलं होतं. त्याचं भोक केसभर उजवीकडे कलतं, पण डाव्या कडेखाली कागदी चिकटपट्टीचे दोन थर लावले की तो महागड्याच्या तोंडात मारतो, असं एकमत होतं. दाहेनं दोन थर लावले, कात्रीनं कडा कापल्या आणि खूश होऊन पहिलं भोक पाडलं. महागडा जिग घेणाऱ्या बायकांची तिला मनापासून कीव आली.

असं करत करत दोघींनी आपापल्या मांडणीची सगळी भोकं पाडली. मिरानच्या हातातला जिग खरोखर केसभर उजवीकडे कलत होता आणि तिनं तो जराही दुरुस्त केला नाही. दाहेच्या हातातला अगदी अचूक होता आणि तिनं तो मन लावून बिघडवला.

एका खुंटीत केसभर कळत नाही. पण तिरक्या खुंटीवर फळी, फळीच्या टोकाला उभा पाय, त्यावर पुन्हा खुंटी, असं वर वर जात मांडणी माणसाएवढी उंच होते, तेव्हा केसाची वीत झालेली असते. गोंद वाळल्यावर मिरान लांब उभी राहून म्हणाली, "मास्तर, तुमच्या वर्गाची जमीन उतरती आहे." संध्याकाळी दाहेनंही लांब उभं राहून एक डोळा मिटून बघितलं. घरभरणी दुसऱ्या दिवशी होती. सासूबाईंची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

घरभरणीला भाऊबंद, गावाकडचे शेजारी, नव्या इमारतीतल्या बायका, सगळे जमले. कागदाच्या गुंडाळ्यांचा ढीग छताकडे निघाला होता. आधी मिरानचा नवरा मांडणी घेऊन आला. लोक "वा, वा" म्हणत असतानाच लिफ्ट पुन्हा उघडली आणि दाहेचा नवरा दुसरी मांडणी घेऊन बाहेर आला.

दोन्ही जावा एकमेकींकडे बघत राहिल्या.

"ही तुझी मैत्रीण का?" मिराननं विचारलं.

"हो. आणि ती तुमची?"

भावांनी दोन्ही मांडण्या बाल्कनीत शेजारी शेजारी ठेवल्या. डावीकडची डावीकडे झुकली होती, उजवीकडची उजवीकडे. भांडण झालेल्या दोन बायका एकाच बाकावर बसाव्यात, तशा त्या एकमेकींपासून दूर चालल्या होत्या. कुणीतरी हौसेनं वरच्या फळीवर मुळ्याची बरणी ठेवली. ती जराशी विचारात पडल्यासारखी थांबली आणि हळूहळू कडेला निघाली. मिरानच्या नवऱ्यानं ती छातीशी झेलली. त्याच्या नव्या शर्टाला दिवसभर मुळ्याचा वास येत राहिला.

मिराननं जिगची किंमत मनात पुन्हा एकदा मोजली. एवढा महागडा जिग, पाव्हणेरावळे, आणि तेही धाकटीच्या देखत. दाहेची अवस्था वेगळी नव्हती. तिच्या मनात आलं, तिसरा थर लावायला हवा होता.

सासूबाई मात्र मांडण्यांसमोर उभ्या राहिल्या, मान आधी एकीकडे कलवली, मग दुसरीकडे.

"ही उचला आणि तिकडे ठेवा," त्या मुलांना म्हणाल्या. "आणि ती इकडे."

जागा बदलल्या. आता दोन्ही मांडण्या आतल्या बाजूला झुकल्या आणि वर त्यांची डोकी एकमेकींना टेकली. लांबच्या प्रवासात दोन बायका एकमेकींच्या खांद्यावर पेंगाव्यात, तशा. सासूबाईंनी धरून हलवून बघितलं. तसूभर हलेनात. बरण्या ठेवल्या तशा जागच्या जागी बसल्या. खाली दोन्हींच्या मध्ये तिकोनी फट उरली होती, तिच्यात सासूबाईंनी खराटा उभा केला.

"म्हणजे तुम्ही दोघींनी मिळून केलंत हे," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "एकीची दुसरीशिवाय उभी राहू नये म्हणून."

बाल्कनीत सगळे दोघींच्या तोंडाकडे बघत होते.

"हो, आई," मिरान म्हणाली.

"ताईंचीच कल्पना," दाहे म्हणाली. जेवताना तिनं मिरानच्या ताटात मांसाचा चांगला तुकडा वाढला आणि मिराननं तो खाल्ला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एकदमच वर्गात पोचल्या.

"मास्तर, महागड्या जिगनं काम वाकडं होतंच कसं?" मिराननं खोकं टेबलावर आपटलं.

"आणि माझा दुरुस्त केला होता मी," दाहेनं आपलं खोकं त्याच्या शेजारी आपटलं.

मास्तरांनी दोन्ही जिग बाहेर काढून पालथे केले. दाहेच्या जिगखाली परदेशी कंपनीचा शिक्का आणि क्रमांक होता. मिरानच्या जिगखाली काहीच नव्हतं. मास्तरांना ती दुपार आठवली, तो फोन आठवला, अक्रोडाच्या फळ्या आठवल्या, आणि त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"ताई, चूक माझी झाली. मी तुम्हाला दोघींनाही नव्या फळ्या देतो. तुम्ही पुन्हा सरळ करा."

"नको," दोघी एका सुरात म्हणाल्या. आता मांडण्या सरळ केल्या असत्या तर सासूबाईंना काय सांगणार?

मास्तरांनी जिग जिचा तिला परत केला. दोघी आपापला जिग घेऊन गेल्या, पण घरी जाताना दोघींच्या डोक्यात चक्र फिरू लागलं होतं.

पुढच्या रविवारी सासूबाईंकडे खालच्या मजल्यावरच्या बोंगसुन नावाच्या बाई आल्या. त्यांनी मांडण्या घरभरणीला पाहिल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

"मलापण शिकायचंय हे. तो जिग कुठला घेऊ तेवढं सांगा. महागातला की स्वस्तातला?"

"स्वस्तातला," मिरान म्हणाली.

"महागातला," दाहे म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे वळून बघितलं.

"उगाच पैसे कशाला घालवायचे?" मिरान म्हणाली. "माझी मांडणी स्वस्तातल्यावरच झालीय. काही वाईट आहे?"

"वाईट नाही ताई, पण फिनिशिंग बघा ना. माझ्या जोडांच्या कडा बघा आणि तुमच्या बघा. चांगल्या वस्तूचं काम लपत नाही."

"आता तुला कडा दिसायला लागल्या?"

"आणि तुम्हाला पैसे?"

दोघी बाल्कनीत गेल्या, मांडण्यांपुढे गुडघे टेकून बसल्या आणि एकमेकींना फळ्यांचे जोड दाखवू लागल्या. आवाज वाढत चालला. घरातले दोन्ही भाऊ टीव्हीचा आवाज वाढवून बसले.

बोंगसुनबाई गोंधळून सासूबाईंकडे वळल्या. "मग मी कुठला घेऊ हो?"

सासूबाई शांतपणे लसूण सोलत होत्या.

"तुम्हाला सुना किती?"

"एकच."

"मग नका पडू या भानगडीत," सासूबाई म्हणाल्या. "एका सुनेची मांडणी उभी राहत नाही."