झोपेतलं आश्वासन

रस्त्यावरचे सातही बाक तुम्ही पळवलेत, साहेब. ‘हलवले’ हा तुमच्या कार्यालयाचा शब्द, आमचा शब्द ‘पळवले’. एका मंगळवारी सकाळी ट्रक आला, चार माणसं उतरली, त्यांनी स्क्रू काढले आणि बाक गेले. आधी म्हणालात, दुरुस्तीला नेलेत. मग म्हणालात, बसणाऱ्यांमुळे चालणाऱ्यांना अडथळा होतो. अहो, चालणारेच दमले की बसतात. बसणारी अशी काही वेगळी जमात नसते. पण हे कळायला एकदा तरी चालावं लागतं. तुम्ही आमच्या प्रभागाचे सदस्य झालात त्या दिवसापासून तुमच्या गाडीची काच खाली आलेली कुणी पाहिलेली नाही.

तुमच्या या पराक्रमाचा सगळ्यात मोठा फटका बसला तो गादीवाल्याच्या थोरल्या बहिणीला. ताईनं एकतीस वर्षं दारोदार टपाल वाटलं. पत्रं पोचली, गुडघे गेले. घरापासून औषधांच्या दुकानापर्यंत जाताना तिला दोनदा बसावं लागतं. बाक होते तोवर ते दुकान कोपऱ्यावर होतं. बाक गेले आणि ते परगावी गेलं. ताईनं तुम्हाला सहा अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. मग तिनं सातवा अर्ज भरला, तो तुमच्या विरुद्ध निवडणुकीचा. तिनं चिन्ह मागितलं बाक. ते यादीत नव्हतं. मिळाली शिडी. गुडघे गेलेल्या बाईला शिडी! पण ताई म्हणाली, “असू दे. शिडीच्या पायरीवरही बसता येतं.”

प्रचाराला माणसं नव्हती, म्हणून ताईच्या मुलीनं फोनवर एक पान उघडलं. ती दातांच्या दवाखान्यात नोंदणीला बसते, त्यामुळे घाबरलेल्या लोकांशी गोड बोलायची तिला सवय. पानावर माणसं जमली एक्केचाळीस. त्यातली तेवीस नात्यातली होती आणि दोघं चुकून आले होते. रोज सकाळी एक मजकूर टाकायचं काम तिनं मामाकडे, म्हणजे गादीवाल्याकडे दिलं. कारण मामा लिहितो हे घरात माहीत होतं.

गादीवाला खरंच लिहायचा. स्वतःच्या पानावर, रोज, कित्येक वर्षं. कापूस पिंजताना उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारे तंतू, उशीत राहून गेलेला डोक्याचा खळगा, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेला आणि तीन दिवस कुणी न काढलेला एकच मोजा, असलं काहीबाही. बारा जण वाचायचे. पण त्याची बोटं दाभण धरून जाड झाली होती, एक अक्षर दाबायला गेला की तीन उमटायची. म्हणून तो फोनशी बोलायचा आणि फोन लिहून घ्यायचा. बोलायची जागाही ठरलेली. नवी गादी भरून टाके घातले की तो तिच्यावर वीस मिनिटं स्वतः पडून बघायचा. कुठे गाठ टोचते का, कुठे खड्डा पडतो का. त्याच वीस मिनिटांत, डोळे मिटून, फोन छातीवर ठेवून तो आधी ताईचा मजकूर सांगायचा आणि मग स्वतःचा.

आता यात धोका काय, हे कुणालाही दिसेल. भाचीला दिसला होता. तिनं मामीला सांगून ठेवलं होतं, “मामी, मामाला मध्येच डुलकी लागते. मजकूर झाला असला की ते खालचं निळं बटण तूच दाब. दाबायच्या आधी एकदा वाच मात्र.”

मामी, म्हणजे गादीवाल्याची बायको, दुकानाच्या मागच्या खोलीत अभ्रे शिवते. त्या आठवड्यात तिनं नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. कारण साधं होतं. ती तिच्या आईची एक जुनी गोष्ट सांगत होती आणि ऐन रडू येण्याच्या जागी हा गृहस्थ घोरायला लागला.

तर त्या बुधवारी गादी फारच सुरेख जमली. गादीवाला पडला, डोळे मिटले आणि म्हणाला, “मतदार बंधुभगिनींनो, रस्त्यावर बाक हवेत, कारण माणसाला मध्येच बसावंसं वाटतं.” इथपर्यंत तो जागा होता. पुढचं सगळं गादीनं बोलून घेतलं. “बसल्यावर आडवं व्हावंसं वाटतं. माझी बायको झोपेत हसते. कशाला हसते ते सव्वीस वर्षांत मी विचारलं नाही. सगळे दमलेत. दुपारी एक ते तीन सगळ्यांनी झोपा. दुकानं बंद, कार्यालयं बंद. ताई प्रत्येकाच्या दारात एक गादी आणून ठेवणार. मऊ. खिडकीखाली. कुणी कुणाला उठवायचं नाही.”

बायको आली तेव्हा फोन छातीवरून घसरत होता. तिनं तो झेलला. मजकूर लांबलचक दिसत होता. वाचायचा तर चष्मा नवऱ्याच्या उशाखाली, तो मागायचा तर नवऱ्याशी बोलावं लागणार. तिनं निळं बटण दाबलं आणि शिलाईला बसली.

जेवणाच्या सुटीत भाचीनं फोन उघडला तोवर मजकूर चार हजार लोकांनी पुढे पाठवला होता. तिनं तिथूनच फोन लावला.

“मामा, हे काय लिहिलंयस?”

“बाकांचंच की.”

“बाक पहिल्या ओळीत संपलेत! पुढे आई घरोघर गाद्या वाटतेय!”

“मी नाही बा असं म्हणालो.”

“मामी कुठेय? तिनं वाचलं नाही का?”

गादीवाल्यानं मागच्या खोलीत डोकावून पाहिलं. बायकोनं मशीन जरा जोरात चालवलं. “ती सध्या वाचत नाहीये,” तो म्हणाला.

भाचीनं मजकूर काढून टाकला. पण लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवले होते, आणि काढून टाकलेल्या गोष्टीची गोडी काही औरच असते. तिनं खुलासा लिहिला : ‘गादी नव्हे, बाक.’ तो फक्त त्या चुकून आलेल्या दोघांना आवडला. संध्याकाळपर्यंत पानावर अकरा हजार माणसं जमली. कुणी लिहिलं, ‘पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या मनातलं बोललं.’ एका बस चालवणाऱ्यानं लिहिलं, ‘मला दोन तास नकोत, वीस मिनिटं द्या, पण खिडकीखाली.’ एका बाईनं नुसतं लिहिलं, ‘मीही दमलेय,’ आणि तिच्याखाली सहाशे जणींनी ‘मीही’ लिहिलं. कितीतरी लोकांनी म्हणे त्या दुपारी एक ते तीन खरंच झोपून पाहिलं. एरवी त्या वेळी दुकानाबाहेर हॉर्न थांबत नाहीत. त्या दिवशी गादीवाल्याला समोरच्या गच्चीवर वारा फिरताना ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे माणसं टेप घेऊन उभी.

“आमची खोली जरा तिरकी आहे. तिरकी गादी मिळेल?”

“सासूबाईंना कडक लागते आणि ह्यांना मऊ. एकातच दोन्ही जमेल का हो?”

आणि प्रत्येक जण जाताजाता मागच्या खोलीत डोकावून विचारायचा, “वहिनी, झोपेत कशाला हसता हो?”

पंधराव्या माणसानं विचारल्यावर बायको दारात आली. तिच्या हातात कात्री होती. “अहो,” ती म्हणाली. चार दिवसांतला हा पहिला शब्द. “अख्ख्या गावाला सांगितलंत? मलाच तेवढं विचारलं नाहीत?” आणि आत निघून गेली.

इथे तुम्ही आलात, साहेब. तुम्ही तक्रार केलीत की मतांसाठी वस्तू वाटायचं आमिष दाखवलंय, उमेदवारी रद्द करा. सात बाक नेणाऱ्यानं एका न दिलेल्या गादीबद्दल तक्रार करावी! पण नियम म्हणजे नियम. नोटीस आली. चौकशीसाठी निवडणूक अधिकारी शुक्रवारी स्वतः येणार. त्याच दिवशी चार वाजता मतपत्रिका छपाईला जाणार. अधिकाऱ्यानं त्याआधी नाव खोडलं तर ताई संपली, नाही खोडलं तर राहिली.

ताई दोन ठिकाणी जिन्यावर आणि एकदा कुणाच्यातरी स्कूटरवर बसत बसत दुकानात पोचली. “अरे शहाण्या,” ती भावाला म्हणाली, “एकतीस वर्षांत मी एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. आणि तू माझ्या नावानं गावभर गाद्या टाकल्यास?”

“ताई, मी झोपेत होतो.”

“तेच सांग अधिकाऱ्याला. बघू पटतं का.”

शुक्रवारी ताई आणि सुटी टाकून आलेली भाची दुकानातच होत्या. अधिकारी सव्वादोनला आला. बारीक अंगाचा, खांद्यावर जड पिशवी, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं आणि कागदावरून मान वर केली.

“म्हणजे तुम्ही म्हणताय, हे आश्वासन झोपेत दिलं. पुरावा?”

“मी आहे ना,” बायको म्हणाली. “सव्वीस वर्षं ऐकतेय. परवा झोपेत उशीची माफी मागत होते.”

“बायकोची साक्ष चालत नाही.”

“बायकोचं काय चालतं ते सांगा एकदा.”

अधिकाऱ्यानं घसा खाकरला. “बोलता बोलता, वाक्य अर्धवट टाकून, भर दुपारी माणूस झोपतो? हे मी अहवालात कसं लिहू? लोक हसतील मला.”

“मग पडून बघा,” गादीवाला म्हणाला. त्यात त्याचा कसलाही डाव नव्हता. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हेच सांगतो. “हीच ती गादी. पडा आणि तुमची नोटीस मोठ्यानं वाचा. शेवटपर्यंत पोचलात, तर मी खोटा.”

अधिकारी कर्तव्याला चोख होता. त्यानं बूट काढले, ते शेजारी शेजारी नीट लावले, पिशवी उशाला घेतली आणि आडवा होऊन वाचू लागला. “असे निदर्शनास आले आहे की, उपरोक्त उमेदवाराच्या समर्थकांनी समाजमाध्यमाद्वारे, मतदारांना प्रलोभन दाखवण्याच्या, हेतूने...” हेतूशी तो जरा रेंगाळला. कागद हळूहळू तोंडावर आला. मग तो कागद श्वासासरशी वर जाऊ लागला, खाली येऊ लागला.

अडीच वाजले होते. कुणी हललं नाही. उन्हाचा पट्टा गादीच्या कडेवर चढला. त्यात कापसाचे तंतू कुठे जायचं हे न ठरवता तरंगत होते. रस्त्यावरचा आवाज लांब गेल्यासारखा वाटू लागला, जणू दुकानच दावं सोडून पाण्यावर निघालं होतं.

“चार वाजेपर्यंत झोपला तर आपण सुटलो,” भाची कुजबुजली.

“उठवा त्याला,” ताई म्हणाली. “मला असं झोपेवर निवडून यायचं नाही.”

“आई, गप बस ना गं जरा.”

“उठवा म्हणते ना!” ताई स्वतःच गुडघ्यावर हात टेकत उठली, गादीपाशी गेली आणि हाक मारली. “अहो साहेब. उठा. तुमचं काम राहिलंय.”

कागदाखालून आवाज आला, “हो गं. पाचच मिनिटं. आत्ताच तर टेकलो.” आवाज अधिकाऱ्याचा नव्हताच. घरी परतलेल्या माणसाचा होता. तो एवढं बोलला आणि हसला.

ताईनं दुसरी हाक मारायला उघडलेलं तोंड मिटलं. परत आली आणि कापसाच्या गाठोड्यावर बसली. “पाच मिनिटं म्हणतोय,” ती म्हणाली. नंतर तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही.

पलीकडच्या गाठोड्यावर गादीवाला आणि त्याची बायको शेजारी शेजारी बसले होते. बऱ्याच वेळानं त्यानं हळूच विचारलं, “काय गं, खरंच, झोपेत कशाला हसतेस?”

“झोपते कुठे मी?” ती तितक्याच हळू म्हणाली. “डोळे मिटून तुमचं ऐकत असते. जागेपणी तुम्ही एवढं कधी बोलता?”

“आईची गोष्ट राहिली तुझी.”

“मग ऐका. आणि झोपलात ना, तर कात्री आहे हातात.”

तिनं गोष्ट सांगितली. तो पुरता जागा राहिला. रडू येण्याच्या जागी भाचीलाही रडू आलं.

अधिकारी उठला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. आधी तो छताकडे बघून प्रसन्न हसला. मग त्याला आपण कोण आहोत ते आठवलं आणि ताडकन उठून बसला. “वाजले किती?”

त्यानं फोन पाहिला. छापखान्याचे तीन निरोप होते. शेवटच्यात लिहिलं होतं, ‘हरकत न आल्याने सर्व नावांसह छपाई सुरू केली आहे.’

त्यानं बूट पायात सरकवले. मग त्यानं पेन काढलं आणि लिहिता लिहिता वाचलं, “सदर गादीची प्रत्यक्ष पडताळणी केली. वाक्य अर्धवट टाकून माणूस झोपतो, ही बाब खरी आहे.” पेन थांबलं. “मी असा कधीच झोपत नाही हो. सकाळी सातला निघालोय. प्रभागातली चौदा मतदान केंद्रं पायी तपासली.”

“चौदा?” ताईनं विचारलं. टपालवालीला अंतर सांगावं लागत नाही. “शाळेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि तिथून चढ चढून इकडे?”

“हो.”

“वाटेत कितीदा बसलात?”

“बसलो नाही.”

“एकदाही नाही? एवढ्या चढाला? ही पिशवी घेऊन?”

“नाही.”

“का?”

अधिकारी बुटाची नाडी बांधू लागला. बांधलेली नाडी त्यानं सोडली आणि पुन्हा बांधली.

“लिहा की मग,” ताई म्हणाली. “कागद समोर आहे, पेन हातात आहे, शिक्का पिशवीत आहे. सहा अर्ज मी केले, माझं कुणी ऐकलं नाही, तुमचं ऐकतील. सात तास चाललात आणि एकदाही टेकला नाहीत. का नाही बसलात, साहेब? खाली काय बघताय? उत्तर द्या.”