गुलाबरावांचे शालिकमामा

"लग्न काऊन नाही केलं?" असं कोणी विचारलं की पिंपळगाव राजा गावचे शालिकमामा टेलर गळ्यातला टेप काढतात आणि विचारणाऱ्याच्या नाकाचं माप घेतात. "सव्वादोन इंच. दुसऱ्याच्या घरात खुपसाले भरपूर झालं." मग ते माप खरोखर वहीत, शर्टांच्या मापांखाली लिहून ठेवतात. सरपंचाचं नाक त्या वहीत दोनदा आहे.

दुकानामागच्या दोन खोल्यांत मामा आणि गुलाबराव मिस्त्री सव्वीस वर्षं सोबत राहिले. भांडायचे तर असे, की गिऱ्हाईक पायजमा न घेताच परत जायचं. गुलाबराव भाजीत तिखट ओतायचे, मामा त्यांच्या सिमेंट लागलेल्या चपला रस्त्यावर फेकायचे. थोड्या वेळानं स्वतःच उचलून आणायचे, झटकून.

गाव त्यांना 'जोडी' म्हणायचं आणि डोळा मारायचं. नवरदेवाचा कोट मात्र मामांकडूनच शिवून घ्यायचं. मी आमच्या घरातला पहिला बी.ए. पूर्वग्रहावरच्या प्रश्नाला मला पेपरात चांगले मार्क मिळाले, आणि सुट्टीत आलो की पानठेल्यावर त्या डोळा मारण्याला मीही हसायचो. त्या हसण्याची चीड मला अजून येते.

मागच्या वर्षी गुलाबराव बांधकामावरच कोसळले आणि गेले. सव्वीस वर्षांत एकदाही न फिरकलेले भाऊ जळगाव जामोदहून आले, मयत घेऊन गेले. मामांना म्हणाले, गाडीत जागा नाही. तेरवीला मीच मामांना एसटीनं घेऊन गेलो.

आमच्याकडे तेरवीला सोयरे टोपी-दुपट्टा देतात. ज्याचं माणूस गेलं, त्याच्या डोक्यावर टोपी. भाऊ बसले, पुतणे बसले, गुलाबरावांना जन्मात न पाहिलेला पुण्याचा एक चुलत पुतण्याही बसला. रांगेच्या टोकाला मामा बसले, उघड्या डोक्यानं, मान थोडी पुढे करून. टोप्यांचं ताट त्यांच्यापाशी आलं तसा थोरला भाऊ म्हणाला, "त्यायले नाही. ते घरमालक होय त्याचे."

मामांनी मान मागं घेतली.

माझं डोकं फिरलं. तसाच बाजारात गेलो, टोपी-दुपट्टा आणला आणि भरल्या मांडवात मामांच्या डोक्यावर टोपी घातली. टोपी देणाऱ्यांची नावं पुकारणाऱ्यानं विचारलं, "कोणाकडून?"

"पिंपळगाव राजाकडून," मी म्हणालो. "मामायचं माणूस गेलं हाय. पुकारा."

थोरला भाऊ पंक्तीकडे बघत राहिला. पुकारणाऱ्यानं शेवटी पुकारलं. गावानं मला पाठवलं नव्हतं, गावाला पत्ताही नव्हता. हे खोटं मी पुन्हाही बोलेन.

परतीच्या बसमध्ये मामा म्हणाले, "टोपी ढिली हाय, बाबू."

काढून ठेवा मग, मी म्हटलं.

त्यांनी ती एका हातानं दाबून धरली, पिंपळगाव येईपर्यंत.